सभासद क्रमांकाला गूगल खाते जोडताना: शेतकरी कंपनीच्या एकल प्रवेश प्रणालीत सोशल लॉगिनची उभारणी

यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान तालुक्याच्या गावी आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे काम चालते आणि तिच्या संगणकांची जबाबदारी माझ्याकडे आहे. सभासदांची नोंद एका प्रणालीत, बियाणे-खतांची मागणी दुसऱ्या प्रणालीत, तर कापूस, तूर आणि सोयाबीनच्या काटापट्ट्या व चुकाऱ्यांचा हिशेब तिसऱ्या प्रणालीत, अशी विभागणी वर्षानुवर्षे होत गेली. तीन प्रणालींचे तीन पासवर्ड झाले आणि दर हंगामात ते विसरले जाऊ लागले. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की चुकारा जमा झाला का हे पाहण्यासाठी जो तो प्रवेश करू पाहतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात कार्यालयासमोर पासवर्ड बदलून मागणाऱ्यांची रांग लागते. म्हणून आम्ही तिन्ही प्रणालींसाठी कीक्लोक या मुक्त सॉफ्टवेअरवर आधारित एकच प्रवेशद्वार, म्हणजे एकल प्रवेश प्रणाली, उभारले आणि नंतर त्याला गूगलने प्रवेश करण्याची सोय, म्हणजे सोशल लॉगिन, जोडली. पतसंस्था, ग्रंथालय किंवा कनिष्ठ महाविद्यालय चालवणाऱ्या ज्यांना हेच काम करायचे आहे, त्यांच्यासाठी ही कृती सविस्तर लिहीत आहे.

पडद्यावरील रकाने भरणे हा या कामातील सोपा भाग आहे. समोर आलेले गूगल खाते आपल्या नोंदवहीतील कोणत्या सभासदाचे आहे, हे पहिल्या वेळी कसे ठरवायचे, हा अवघड भाग आहे, आणि या लेखातील सर्वाधिक जागा मी त्यालाच दिली आहे.

कोण कोणावर विश्वास ठेवतो

बाजार समितीच्या फाटकावर गाडीची नोंद होते, चिठ्ठी मिळते आणि पुढे लिलाव, काटा, हिशेब या प्रत्येक ठिकाणी तीच चिठ्ठी चालते. दर खिडकीवर शेतकऱ्याला आपली ओळख नव्याने पटवून द्यावी लागत नाही. एकल प्रवेश प्रणाली हे असे फाटक आहे. सोशल लॉगिन जोडल्यावर फाटकावरील कारकून स्वतः पासवर्ड न विचारता गूगलने दिलेल्या ओळखपत्रावर विसंबतो, परंतु आतील खिडक्यांसाठी चिठ्ठी मात्र तो स्वतःचीच देतो.

तांत्रिक भाषेत सांगायचे तर सभासद चुकाऱ्याचे पान उघडतो तेव्हा ती प्रणाली त्याला कीक्लोककडे पाठवते आणि कीक्लोक त्याला गूगलकडे पाठवतो. गूगल खात्री करून एक अल्पजीवी, एकदाच वापरता येणारा कोड ब्राउझरमार्फत कीक्लोककडे परत पाठवतो. कीक्लोक तो कोड आणि स्वतःजवळचे गुपित गूगलला थेट सर्व्हरवरून दाखवून त्या बदल्यात ओळखीचे टोकन (सही केलेले डिजिटल ओळखपत्र) घेतो, आणि मग चुकाऱ्याच्या प्रणालीला आपल्या सहीचे वेगळे टोकन देतो. यातील परवानगीची पद्धत म्हणजे 2012 साली प्रसिद्ध झालेले ओऑथ 2.0, आणि तिच्यावर ओळखीचा थर चढवणारे मानक म्हणजे 2014 सालचे ओपनआयडी कनेक्ट.

यातून निघणारी एक गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही. गूगलला आपल्या तीन प्रणाली माहीत असण्याचे काहीच कारण नाही. त्याला फक्त कीक्लोकचा पत्ता द्यायचा असतो. गूगलकडे चुकाऱ्याच्या प्रणालीचा पत्ता नोंदवून दिवसभर अडकून पडलेले मी पाहिले आहेत, आणि पहिल्या दिवशी मीही तेच केले होते.

आधी पाया

कीक्लोक ज्या सर्व्हरवर आहे त्याला स्वतःचे डोमेन नाव आणि वैध सुरक्षा प्रमाणपत्र असले पाहिजे. गूगल परतीचा पत्ता म्हणून नुसता आयपी क्रमांक स्वीकारत नाही आणि स्वतःच्याच संगणकावरील चाचणीचा अपवाद सोडला तर एचटीटीपीएस नसलेला पत्ताही स्वीकारत नाही. त्यामुळे कार्यालयातील कपाटाशेजारी ठेवलेल्या संगणकावर, केवळ वायफायच्या आतील क्रमांकावर हे सारे चालवण्याचा बेत सोडून द्यावा. खेड्यातील वीज आणि ब्रॉडबँड यांचा भरवसा पाहता प्रवेशद्वार भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर ठेवणेच शहाणपणाचे आहे. वीज गेल्यावर कार्यालय अंधारात बसले तरी शेतकऱ्याच्या मोबाइलवर चुकारा दिसत राहतो. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते, त्याची मुदत साधारणपणे 90 दिवसांची असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी लावावी.

कीक्लोकपुढे एनजिनएक्ससारखा रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरची विनंती आधी स्वतः घेऊन आत पोहोचवणारा मध्यस्थ) असेल तर मूळ विनंती एचटीटीपीएसने आली होती आणि कोणत्या नावाने आली होती, हे त्याने कीक्लोकला हेडरमधून (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींतून) कळवले पाहिजे आणि कीक्लोकलाही ते हेडर मानण्यास सांगितले पाहिजे. अलीकडच्या आवृत्त्यांत त्यासाठी ‘प्रॉक्सी-हेडर्स’ ही सेटिंग ‘एक्सफॉरवर्डेड’ अशी ठेवतात आणि ‘होस्टनेम’मध्ये बाहेरचा पूर्ण पत्ता देतात. हे राहून गेले तर कीक्लोक गूगलला परतीचा पत्ता साध्या एचटीटीपीचा सांगतो आणि गूगल ‘रीडायरेक्ट यूआरआय मिसमॅच’ अशी 400 क्रमांकाची चूक दाखवून थांबतो. ही चूक दिसली की गूगलच्या खात्यात बदल करत बसण्याआधी त्या चुकीच्या तपशिलात छापलेला पत्ता एकेक अक्षर वाचावा. बहुतेक वेळा दोष आपल्या प्रॉक्सीत सापडतो.

सर्व्हरचे घड्याळही तपासावे. टोकनांवर दिल्याची आणि संपण्याची वेळ कोरलेली असते, म्हणून सर्व्हर काही मिनिटे मागेपुढे असला तरी खरे टोकन खोटे ठरू शकते. हाच दोष दुसऱ्या टोकालाही आढळतो. सेवा केंद्रांतील जुन्या संगणकांची मदरबोर्डवरील बॅटरी संपलेली असते, भारनियमनानंतर संगणक सुरू झाला की तारीख काही वर्षे मागे गेलेली असते, आणि ब्राउझर कोणतेही प्रमाणपत्र मानायला तयार होत नाही. ‘तुमचे लॉगिन बंद पडले’ अशा तक्रारींपैकी कित्येक तक्रारी आमच्याकडे त्या लहानशा गोल बॅटरीनेच मिटल्या.

गूगलकडील नोंद

गूगल क्लाउडच्या कन्सोलमध्ये एक नवीन प्रकल्प तयार करावा. तो कोणा कर्मचाऱ्याच्या खासगी खात्यावर न ठेवता संस्थेच्या खात्यावर ठेवावा आणि किमान दोन पदाधिकाऱ्यांना त्याचे अधिकार द्यावेत; कारण तो कर्मचारी नोकरी सोडून पुण्याला गेला की प्रवेशद्वाराची किल्लीही त्याच्यासोबत जाते. त्यानंतर संमतीचा पडदा भरावा लागतो: संस्थेचे नाव, संपर्काचा ईमेल, संकेतस्थळाचा आणि गोपनीयता धोरणाचा दुवा. वापरकर्त्यांचा प्रकार ‘एक्स्टर्नल’ निवडावा, कारण ‘इंटर्नल’ हा प्रकार एकाच गूगल वर्कस्पेस संस्थेच्या खात्यांपुरता असतो आणि आपले सभासद साध्या जीमेलवाले असतात.

मागायची माहिती तीनच प्रकारची ठेवावी: ओपनआयडी, प्रोफाइल आणि ईमेल. यापलीकडे संपर्कयादी किंवा ड्राइव्ह असे काही मागितले तर गूगलची कडक पडताळणी मागे लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याला त्याची गरजच नसते. ज्या शेतकऱ्याला फक्त काटापट्टी पाहायची आहे, त्याच्या फोनमधील संपर्कांवर आपला काहीही हक्क नाही.

प्रकल्प सुरुवातीला ‘टेस्टिंग’ अवस्थेत असतो आणि त्या अवस्थेत यादीत घातलेल्या जास्तीत जास्त 100 परीक्षक खात्यांनाच प्रवेश मिळतो. चाचणी झाल्यावर तो ‘इन प्रॉडक्शन’ करायला विसरू नये, नाहीतर कार्यालयातील सर्वांना प्रवेश मिळतो आणि गावातील कोणालाच मिळत नाही, असे कोडे पडते.

शेवटी ‘वेब ॲप्लिकेशन’ प्रकारचा क्लायंट तयार करून त्यात परतीचा पत्ता द्यावा. कीक्लोकमध्ये या पत्त्याची रचना ठरलेली आहे: सर्व्हरचे नाव, त्यापुढे ‘रियल्म्स’, मग आपल्या रियल्मचे (कीक्लोकमधील वापरकर्त्यांच्या स्वतंत्र विभागाचे) नाव, मग ‘ब्रोकर’, मग ओळखदात्याचे, म्हणजे इथे गूगलचे, टोपणनाव आणि शेवटी ‘एंडपॉइंट’. हा पत्ता हाताने टंकू नये. कीक्लोकच्या पडद्यावर तो तयार दिसतो, तिथून उचलून जसाच्या तसा चिकटवावा. शेवटच्या एका तिरप्या रेघेनेही तो जुळत नाही. मिळालेला क्लायंट आयडी आणि क्लायंट सिक्रेट (वर उल्लेखलेले कीक्लोकजवळचे गुपित) त्याच वेळी सुरक्षित जागी उतरवून ठेवावे. सिक्रेट व्हॉट्सॲपवर पाठवू नये, कार्यालयाच्या फळ्यावर लिहू नये आणि मोबाइल ॲपच्या आत कधीही घालू नये.

कीक्लोकमधील नोंद

‘मास्टर’ रियल्म व्यवस्थापनासाठी राखून सभासदांसाठी वेगळा रियल्म तयार करावा. डावीकडील यादीतील ‘आयडेंटिटी प्रोव्हायडर्स’मध्ये गूगलचा तयार पर्याय आहे, त्यात आयडी आणि सिक्रेट घातले की काम होते. तरीही मी गूगलसाठी सर्वसाधारण ‘ओपनआयडी कनेक्ट’ पर्याय वापरून त्यात गूगलचा डिस्कव्हरी पत्ता (ज्यावरून कीक्लोक गूगलचे बाकीचे पत्ते आपोआप वाचतो) दिला, कारण त्यात ‘प्रॉम्प्ट’ हा रकाना आहे आणि तो ‘सिलेक्ट अकाउंट’वर ठेवता येतो. म्हणजे दर वेळी कोणत्या खात्याने जायचे हे गूगल विचारतो. ज्या घरात एकाच फोनवर बापाचे आणि लेकाचे अशी दोन खाती उघडी असतात, तिथे या एका प्रश्नाने बराच घोळ टळतो. कोणताही पर्याय निवडला तरी टोपणनाव आधीच पक्के करावे, कारण तेच परतीच्या पत्त्यात येते आणि सभासदांचे जोडही त्याच नावाखाली साठवले जातात.

‘सिंक मोड’ हा रकाना ‘इम्पोर्ट’वर ठेवावा. तो ‘फोर्स’वर ठेवला तर दर प्रवेशाला गूगलवरील नाव आणि ईमेल आपल्या नोंदीवर लिहिले जातात. आमच्या नोंदवहीतील नाव सातबारा आणि बँकेच्या पासबुकाशी जुळवून घेतलेले असते. पोराने फोन घेतेवेळी हौसेने ठेवलेले नाव त्याच्या जागी आले तर चुकारा अडकतो. ‘ट्रस्ट ईमेल’, म्हणजे गूगलकडून आलेला ईमेल खरा मानण्याची सोय, बंद ठेवावे. त्याचे कारण पुढे येते.

पहिला प्रवेश: इथे घाई करू नये

अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर वापरायचे तर गूगल खाते लागते, म्हणून गावात जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनवर गूगल खाते आहे. सोशल लॉगिनसाठी गूगल निवडण्याचे हेच मोठे कारण. पण ते खाते कोणी उघडले हे विचारले की चित्र बदलते. एका सभासदाने मला सरळ सांगितले, “भाऊ, जीमेलचा पासवर्ड त दुकानवाल्यालेच मालूम हाय.” मोबाइल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाची सोय म्हणून खाते उघडून दिलेले असते, कुठे मुलीच्या खात्यावर आईचा फोन चालतो, कुठे घरातील तिघांचे मिळून एकच खाते असते. गूगल त्याच्या परीने बरोबर उत्तर देतो की हे खाते खरे आहे आणि ते उघडणाऱ्याजवळ त्याचा ताबा आहे. सभासद कोण, या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नाही. ते आपल्या नोंदवहीत आहे.

आमची नोंदवहीसुद्धा याबाबतीत निर्दोष नव्हती. जुन्या प्रणालीत ईमेलचा रकाना सक्तीचा होता. माहिती भरणाऱ्याने जिथे सभासदाजवळ ईमेल नव्हता, तिथे स्वतःचाच पत्ता टाकून काम पुढे रेटले होते. कीक्लोक मूळ सेटिंगमध्ये एक ईमेल दोन खात्यांना देऊ देत नाही, म्हणून सभासदांची यादी आत घेताना ओळीमागून ओळ नाकारली गेली आणि तेव्हा हा प्रकार उघड झाला. तो उघड झाला हे आमचे भाग्य. ईमेलवर विसंबून आम्ही आपोआप जोड करणारी व्यवस्था लावली असती, तर एका माणसाच्या गूगल खात्याला दुसऱ्याच शेतकऱ्याचा हिशेब उघडून मिळाला असता. ‘ट्रस्ट ईमेल’ बंद ठेवण्याचे आणि ‘ऑटोमॅटिकली सेट एक्झिस्टिंग युजर’ ही पायरी न वापरण्याचे हेच कारण आहे.

म्हणून जोड ईमेलवरून न करता सभासद क्रमांकावरून करावा. सभासद क्रमांक हेच कीक्लोकमधील वापरकर्तानाव ठेवावे. रियल्मच्या सेटिंगमधील ‘युजर प्रोफाइल’ विभागात ईमेल सक्तीचा असतो, ती सक्ती काढावी, नाहीतर प्रवेशानंतर ईमेल भरण्याची मागणी येते आणि वयस्कर सभासद तिथेच थांबतो.

त्यानंतर ‘ऑथेंटिकेशन’ विभागात जाऊन ‘फर्स्ट ब्रोकर लॉगिन’ या तयार क्रमाची नक्कल करावी. मूळ क्रमाला हात लावू नये. नकलेत पुढील बदल करावेत. ‘क्रिएट युजर इफ युनिक’ ही पायरी बंद करावी, म्हणजे अनोळखी गूगल खात्याने नवा सभासद जन्माला येणार नाही. ‘कन्फर्म लिंक एक्झिस्टिंग अकाउंट’ बंद करावी. ईमेल पाठवून खात्री करणारी पायरीही बंद करावी, कारण तो ईमेल आमच्याकडे कोणी उघडत नाही. ‘रिव्ह्यू प्रोफाइल’ या पायरीच्या सेटिंगमध्ये पहिल्या प्रवेशाला माहिती तपासून घेणे ‘ऑफ’ ठेवावे. मग उरते ती पुन्हा ओळख पटवण्याची पायरी, ‘व्हेरिफाय एक्झिस्टिंग अकाउंट बाय री-ऑथेंटिकेशन’. कोणते खाते जोडायचे हे कीक्लोकला स्वतः ठरवता येत नसल्यामुळे तो आता सभासदाला वापरकर्तानाव आणि पासवर्ड दोन्ही विचारतो, आणि ते जुळले तरच गूगल खाते त्या सभासदाला जोडतो. हा बदललेला क्रम गूगलच्या नोंदीत ‘फर्स्ट लॉगिन फ्लो’ म्हणून निवडावा.

व्यवहारात याचा अर्थ असा की सभासदाला आयुष्यात एकदा पासवर्ड टाकावा लागतो आणि त्यानंतर गूगलचे बटण दाबले की काम होते. तो एकदाचा पासवर्ड त्याच्या हातात कसा द्यायचा, हे संगणकाबाहेरचे काम आहे. आम्ही जूनमधील पेरणीच्या धांदलीआधी, बियाणे वाटपाच्या दिवशी, सभासद स्वतः सही करायला येतो तेव्हा त्याला बंद पाकिटातून तात्पुरता पासवर्ड दिला आणि तिथेच एका टेबलावर जोडणी करून दिली. ओळख पटवायला गटसचिव समोर बसला होता; गावातील प्रत्येक चेहरा त्याला ठाऊक असतो, आणि त्याच्याइतकी खात्रीची पडताळणी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये मला सापडलेली नाही. पासवर्ड देताना कीक्लोकमधील ‘टेम्पररी’ हा पर्याय चालू ठेवला की पहिल्या प्रवेशानंतर तो बदलून घेतला जातो.

सभासद क्रमांक ओळीने असतात, म्हणून ते ओळखणे सोपे आहे. चुकीच्या पासवर्डचे वारंवार प्रयत्न रोखणारी ‘ब्रूट फोर्स डिटेक्शन’ ही सोय ‘सिक्युरिटी डिफेन्सेस’मध्ये मिळते; ती मुळात बंद असते, ती चालू करावी.

जोड झाल्यावर कीक्लोक गूगलकडून आलेला खात्याचा कायमचा अंतर्गत क्रमांक साठवतो. पुढे सभासदाने ईमेल बदलला तरी जोड तुटत नाही.

फेसबुकचे बटण ठेवावे का

मागणी आली म्हणून आम्ही फेसबुकही जोडून पाहिले, आणि माझे मत असे की लहान संस्थेने पहिल्या वर्षी ते ठेवू नये. फेसबुकचे खाते अनेकांनी मोबाइल क्रमांकावर उघडलेले असते, त्यामुळे ईमेल मिळेलच असे नाही; वरील पद्धतीत ईमेलची गरज नसल्याने ते निभते, पण ज्यांची रचना ईमेलवर उभी आहे त्यांचे अडते. मेटाच्या विकसक पोर्टलवर ॲप तयार करावे लागते, त्यात परतीचा पत्ता ‘व्हॅलिड ओऑथ रीडायरेक्ट यूआरआयज’ या रकान्यात द्यावा लागतो, गोपनीयता धोरण आणि वापरकर्त्याची माहिती पुसण्याच्या सूचना यांचे दुवे द्यावे लागतात, आणि ॲप ‘लाइव्ह’ केल्याखेरीज त्यावर भूमिका दिलेल्या लोकांनाच प्रवेश मिळतो. शिवाय फेसबुक प्रत्येक ॲपला त्याच माणसाचा वेगळा क्रमांक देते. पुढे ते ॲप हटवून नवे केले तर साठवलेले सर्व जोड निरुपयोगी होतात आणि सगळ्यांना पुन्हा टेबलावर बोलवावे लागते.

व्हॉट्सॲपने प्रवेश द्या, ही मागणी सर्वांत जास्त येते. गावाचा सारा व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो हे खरे, पण गूगलप्रमाणे दुसऱ्या संकेतस्थळाला ओळख देणारी ओपनआयडी कनेक्टची सेवा व्हॉट्सॲप देत नाही.

सेवा केंद्रातील संगणक

ज्यांच्याजवळ स्मार्टफोन नाही असे सभासद गावातील सेवा केंद्रात जाऊन हिशेब पाहतात. तिथे सोशल लॉगिनचा सर्वांत मोठा धोका आहे आणि तो सेटिंगने पूर्ण जात नाही. सभासदाने आपल्या प्रणालीतून बाहेर पडण्याचे बटण दाबले की कीक्लोकमधील सत्र संपते, परंतु त्या ब्राउझरमध्ये उघडलेले गूगल खाते तसेच राहते. दुसऱ्या संकेतस्थळाच्या सांगण्यावरून बाहेर पडण्याची सोय गूगलने दिलेली नाही. पुढे येणाऱ्याने बटण दाबले आणि यादीतील आधीचे खाते निवडले, तर त्याला आधीच्या माणसाचा चुकारा दिसतो.

त्यामुळे आम्ही केंद्रचालकांना स्पष्ट सांगितले की सामाईक संगणकावर गूगलचे बटण वापरू नये, तिथे सभासद क्रमांक आणि पासवर्डच वापरावा. आणि कोणाला गूगलच वापरायचे असेल तर क्रोमची ‘गेस्ट’ खिडकी उघडून काम झाल्यावर ती बंद करावी. कीक्लोकचे सत्र काही हालचाल नसल्यास मुळात 30 मिनिटांनी आणि एकूण 10 तासांनी संपते. आम्ही पहिली मुदत 10 मिनिटांवर आणली. कार्यालयातील लोकांनी थोडी कुरकुर केली, ती मी ऐकून घेतली आणि मुदत तशीच ठेवली.

मोबाइल ॲप आणि दुवे

संस्थेचे स्वतःचे अँड्रॉइड ॲप असेल आणि ते प्रवेशाचे पान आपल्याच पोटातील वेबव्ह्यूमध्ये (ॲपमध्ये बसवलेल्या लहान ब्राउझरमध्ये) उघडत असेल, तर गूगल ‘डिसअलाउड युजरएजंट’ असे सांगून नकार देतो. हा नकार योग्यच आहे, कारण वेबव्ह्यू चालवणाऱ्या ॲपला त्यात टंकलेला पासवर्ड वाचता येतो. ॲप तयार करणाऱ्याला ‘कस्टम टॅब’ (फोनच्या खऱ्या ब्राउझरची खिडकी) आणि पीकेसीई (परतीचा कोड दुसऱ्याच्या हाती पडला तरी वापरता येऊ नये यासाठीचे संरक्षण) वापरायला सांगावे. फेसबुक ॲपच्या आत उघडलेल्या पानावरही हाच अडथळा येतो, म्हणून आम्ही प्रवेशाचा दुवा फेसबुकवर टाकणे बंद केले.

संमती मराठीत

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय वापरकर्त्याला असावा अशी तरतूद आहे. कायद्याची वाट न पाहताही हे करायला हवे. आमच्या प्रवेशाच्या पानावर बटणाखाली मराठीत एवढेच लिहिले आहे: गूगलकडून आम्हाला तुमचे नाव, ईमेल, छायाचित्र आणि खाते क्रमांक मिळतो, तुम्ही आमच्याकडे कधी प्रवेश केला हे गूगलला कळते, हिशेबातील कोणतीही रक्कम गूगलला दिली जात नाही, हे नको असेल तर सभासद क्रमांकाने प्रवेश करता येतो. महाविद्यालयांनी लक्षात घ्यावे की या कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकाची पडताळणीयोग्य संमती लागते. अकरावीतील विद्यार्थ्यांसाठी हे बटण लावण्याआधी तो प्रश्न सोडवावा.

चाचणी आणि त्यानंतर

चाचणी कार्यालयातील वेगवान इंटरनेटवर करून समाधान मानू नये. आम्ही पाच सभासद निवडले, त्यात एक वावरातून, क्षीण सिग्नलवर प्रवेश करणारा होता. गूगलहून परतताना पान अर्ध्यावर अडकले की लोक मागे जाण्याचे किंवा पान पुन्हा उघडण्याचे बटण दाबतात; एकदाच चालणारा कोड दुसऱ्यांदा पाठवला जातो आणि चूक दिसते. त्या चुकीच्या पानावर ‘पुन्हा सुरुवातीपासून प्रवेश करा’ असा ठळक मराठी दुवा ठेवल्यापासून फोन कमी झाले. अनोळखी गूगल खात्याने प्रवेश करून पाहावा आणि तो नाकारला जातो याची खात्री करावी. एकाच गूगल खात्याला दोन सभासद जोडण्याचा प्रयत्न करावा. कीक्लोक तो होऊ देत नाही, आणि एका घरातील दोन सभासदांपैकी दुसऱ्याला पासवर्डनेच प्रवेश करावा लागेल हे त्यांना त्याच वेळी समजावून सांगावे.

व्यवस्थापकाचे खाते सोशल लॉगिनला कधीही जोडू नये. त्यासाठी वेगळा लांब पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी ठेवावी. पासवर्डचा मार्ग सभासदांसाठीही कायम उघडा ठेवावा, कारण सिम हरवले आणि गूगलने दुसरा टप्पा मागितला की माणूस स्वतःच्याच खात्याबाहेर अडकतो.

शेवटची गोष्ट जुन्या फोनची. दिवाळीला नवीन फोन येतो, जुना फोन गूगल खात्यासकट पाहुण्याला दिला जातो किंवा विकला जातो. सभासदाने तसे कळवले की कीक्लोकमध्ये त्याच्या नावावर जाऊन ‘सेशन्स’मधून सर्व सत्रे बंद करावीत, ‘आयडेंटिटी प्रोव्हायडर लिंक्स’मधून गूगलचा जोड काढावा, आणि तो पुढच्या वेळी कार्यालयात आला की नव्या फोनवर, गटसचिवासमोर, जोडणी पुन्हा करून द्यावी. त्यासाठी काट्याशेजारच्या टेबलावर आम्ही एक वही ठेवली आहे. त्यात तारीख, सभासद क्रमांक, जोड काढला की नवा केला, आणि समोर कोण होते, एवढे लिहून सभासदाची सही घेतली जाते.